सिझलरसोबतचा बेक्ड पोटॅटो रशमध्ये गरम कसा ठेवायचा? फॉइलमध्ये सगळा लगदा होतोय

गंगापूररोडवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडकडे आमचं छोटं सिझलर-ग्रिलचं हॉटेल आहे, ४० कव्हरचं (म्हणजे ४० जण बसतील एवढं). शनिवार-रविवार मुंबईचं पब्लिक वायनऱ्या फिरून झाल्यावर जेवायला इकडे वळतं त्यामुळे साडेसात ते साडेदहा नुसती झुंबड, बाकी आठवडाभर निवांत. चिकन स्टेक आणि पनीर सिझलर दोन्हीसोबत आम्ही फ्राईजऐवजी अख्खा बेक्ड पोटॅटो देतो, वर बटर, सावर क्रीम आणि कांद्याची पात. लोकांना आवडतो, फोटो काढतात, शनिवारी ६०-७० नग आरामात जातात.

प्रॉब्लेम असा की ओव्हनमध्ये एका लॉटला तास लागतो आणि ऑर्डर आल्यावर तासभर कोण थांबणार, म्हणून आमचा कूक संध्याकाळी पाचलाच सगळे बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून बेक करतो आणि तसेच हॉट केसमध्ये ठेवून देतो. साडेसातला जातात ते बरे असतात. नऊनंतरचे म्हणजे साल ओली, हाताला सुटून येते, आत चिकट आणि रंग करडा-करडा. मागच्या आठवड्यात एका टेबलने चक्क विचारलं की हे उकडलेले आहेत का. मायक्रोवेव्हमध्ये ऑर्डरप्रमाणे करून बघितले तर साल चामड्यासारखी.

दोन डेकचा (दोन मजली) ओव्हन आहे, एक हॉट केस आहे, सॅलमँडर (वरून आच देणारा ग्रिल) आहे. कॉम्बीचं (वाफ आणि गरम हवा दोन्हीवर चालणाऱ्या ओव्हनचं) बजेट नाही. मोठ्या हॉटेलात हे कसं करतात कुणी सांगेल का? आणि तो करडा रंग नेमका कशाने येतो?

भटारखाना_रिटायर्ड:
आधी फॉइल काढा, मग पुढचं बोलू.

फॉइलमध्ये बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्या वाफेत शिजतो. बटाट्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, ते बाहेर पडायला वाट नाही दिली की सालीखालीच बसतं. गिऱ्हाईकाने उकडलेला का विचारलं ते बरोबरच विचारलं त्यात त्याची चूक नाही. फॉइल चकचकीत दिसतं आणि टेबलावर नेईपर्यंत गरम राहतं म्हणून ते फॅड आलं. द्यायचंच असेल तर प्लेटिंगच्या वेळी खाली कपासारखं लावा, ओव्हनमध्ये नको.

आता पद्धत. बटाटे ब्रशने घासून धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, ओला बटाटा ओव्हनमध्ये घातला की आधी तो फक्त पाणी वाळवत बसतो. काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर एखादा फुटतो आणि मग डेक साफ करत बसा. मिठाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि परत कोरडा होऊ द्यायचा, तेल आत्ता नाही. जाळीवर ठेवायचा, ट्रेच्या पत्र्यावर नाही, पत्र्यावर खालची बाजू करपते आणि घाम धरते. २२० डिग्रीला साधारण पन्नास मिनिटं, मग बाहेर काढून तेलाचा ब्रश, परत दहा मिनिटं. तेल शेवटी लावलं की साल खरी कुरकुरीत होते. आधी लावलं की आतलं पाणी सुटायच्या आधीच सालीवर थर बसतो.

झाला की नाही हे सुरी खुपसून बघू नका, आत टोचायचा प्रोब थर्मामीटर घ्या. मध्यभागी ९६ ते ९९ डिग्री. ९० ला सुद्धा सुरी आत जाते पण आतला गर मोकळा होत नाही, दाट राहतो. हा फरक बहुतेक कूक लोकांना माहीतच नसतो कारण सगळे सुरीवर चालतात.

आणि मुख्य म्हणजे सगळे एकदम करायचेच नाहीत. तुमच्याकडे दोन डेक आहेत ना? वरच्या डेकला ६:२०, ७:२०, ८:२०, ९:२० असे ट्रे टाका, खालच्याला ६:५०, ७:५०, ८:५०. एका ट्रेत दहाच नग. म्हणजे ७:२० पासून दर अर्ध्या तासाला दहा ताजे बटाटे बाहेर येतात आणि कुठलाही बटाटा अर्धा-पाऊण तासाच्या वर थांबत नाही. सत्तर झाले की नाही तुमचे? कमी रश असेल तर शेवटचा ट्रे टाकूच नका. होल्डिंगच्या, म्हणजे गरम ठेवून देण्याच्या, बहुतेक कटकटी या होल्ड करण्याचा वेळ कमी केला की आपोआप जातात.

गंगापूररोडवाला:
काका हे भारी आहे, वेळापत्रक तर प्रिंट काढून भिंतीला लावतो. फक्त अडचण एक, वरच्या डेकवर गार्लिक ब्रेड आणि बेक्ड व्हेज निघतं, ते कुठे नेऊ?

भटारखाना_रिटायर्ड:
गार्लिक ब्रेड सॅलमँडरला. बेक्ड व्हेज गरम असेल तर त्यालाही वरून फक्त रंगच हवा असतो. डेक बटाट्याला सोडा.

वीसवर्षेधंद्यात:
इथे सगळे फॉइलच्या मागे का लागलेत कळत नाही. आमचा हायवेला धाबा कम रेस्टॉरंट आहे, एवढी वर्षं फॉइलमध्ये करतोय, बेन मेरीत (गरम पाण्यावरच्या भांड्यांच्या काउंटरमध्ये) ठेवतो, कोणी तक्रार केली नाही. गिऱ्हाईकाला गरम लागतं, बास. दर अर्ध्या तासाला ट्रे टाकायला माणूस कुठून आणायचा? शनिवारी माझा एक पोऱ्या गावाला, एक फोनवर. रात्री उरले तर फॉइलमध्येच ठेवायचे, फॉइल फाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पण चालतात. उगाच घाबरवू नका नवीन माणसाला.

डॅलसची_माहेरवाशीण:
दादा रागावू नका पण "दुसऱ्या दिवशी पण चालतात" हे वाचून मी लॉगिन केलं, एरवी मी नुसती वाचते.

मी इथे टेक्सासमध्ये एका स्टेकहाऊसच्या किचनमध्ये काम करते, मूळची सांगलीची. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी जी गोष्ट सांगतात ती याच राज्यातली आहे. १९९४ साली एल पासोमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या जेवणातून ३० जणांना बोट्युलिझम झाला, म्हणजे एका जिवाणूच्या विषामुळे होणारी जीवघेणी विषबाधा. बेक केलेले बटाटे फॉइलमध्येच गुंडाळलेले, बाहेर रूम टेंपरेचरला काही दिवस राहिले आणि मग त्याच बटाट्यांचं डिप केलं.

का होतं ते सांगते. बटाटा मातीत वाढतो आणि या जिवाणूचे बीजाणू मातीत असतातच. ते इतके चिवट की ओव्हनमध्ये बटाटा आतून शंभरच्या आसपास जातो तेवढ्याने मरत नाहीत. त्यांना वाढायला काय लागतं तर ओलावा, आंबटपणा कमी आणि हवा नको. फॉइलमध्ये गच्च गुंडाळलेला कोमट बटाटा म्हणजे हे तिन्ही तयार. म्हणजे तुम्ही जे म्हणताय ना की फॉइल फाटलं नाही तर चालतात, ते नेमकं उलटं आहे, न फाटलेलंच जास्त धोक्याचं. आणि वास येईलच असं नाही, दिसेलच असं नाही. इथल्या फूड कोडमध्ये शिजवलेला बटाटा हा मांस-दुधासारखाच टेंपरेचर सांभाळायचा पदार्थ धरतात, ५७ डिग्रीच्या खाली ठेवायचा नाही. इंग्लंडमध्ये हाच आकडा ६३ आहे. आपण ६५ धरला की कुठलाच वाद नको.

तुमच्याकडे इतकी वर्षं काही झालं नाही ही चांगलीच गोष्ट आहे दादा. बहुतेक उरतच नसतील.

आता मूळ प्रश्नाला. आमच्याकडे पण फॉइल नाही. तेल आणि जाडं मीठ लावून बेक करतात आणि वॉर्मिंग ड्रॉवरमध्ये ठेवतात, ड्रॉवरची झडप उघडी, कारण वाफ गेली पाहिजे. तुमच्या हॉट केसमध्ये खाली पाण्याचा ट्रे असेल ना, भात-भाजी सुकू नये म्हणून? तो बटाट्याच्या कप्प्यातून काढून टाका. ८०-८५ वर सेट करा, जाळीवर ठेवा, एकावर एक रचू नका, दाराची फट थोडी राहू दे. ट्रेवर मार्करने वेळ लिहायची. आमचा नियम दीड तासाचा आहे, त्यानंतर तो बटाटा गिऱ्हाईकाला जात नाही, मॅनेजर समोर उभा असला तरी नाही.

अजून एक, साइज. इथे बटाटा ५० पौंडांच्या खोक्यात किती नग बसतात त्या हिशोबाने विकतात. १०० काउंट म्हणजे प्रत्येक नग सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. फायदा असा की एका ट्रेमधले सगळे एकाच वेळी होतात. तुम्ही गोणीतून येतील तसे घेत असाल तर १५० ग्रॅमचा सुकतो आणि ३५० चा कच्चा राहतो, मग कूक म्हणतो अजून पंधरा मिनिटं ठेवू. पोऱ्याला वजनकाट्यावर बसवा, दोनशे ते अडीचशे ग्रॅमचे वेगळे काढायचे, बाकीचे भाजीला.

वीसवर्षेधंद्यात:
ठीके ताई. दुसऱ्या दिवशीचं मागे घेतो, ते मला माहीत नव्हतं. पण माणूस कुठून आणायचा ते अजून कोणी सांगितलं नाही.

बटाटा_अडत:
राम राम. मंचरकडचा आहे, बाप-जाद्यापास्नं बटाट्याचाच धंदा. समदे ओव्हनवर बोलायलेत, बटाटा कंचा घेताय ते कुणीच इचारलं नाही.

तुम्ही म्हणता आत चिकट होतो, तर माझा अंदाज तुम्ही पुखराज वापरताय नायतर नवा बटाटा. पुखराज पिवळसर, दिसायला लय देखणा, पण त्यात पाणी जास्त. भाजीला, रस्स्याला चांगला, फोड मोडत न्हाई. भाजायला कामाचा न्हाई. आमच्याकडं सातगाव पठारावर पावसाळी बटाटा निघतो, तो नवा असताना साल इतकी पातळ की अंगठ्यानं निघती, तो पन बेकला घेऊ नका. तुम्हाला पाहिजे कोरडा, पिठाळ माल. इंदूरकडचा चिप्सोना किंवा एलआर मागा. एलआर म्हंजे लाल सालीचा गोल, लेडी रोझेटा, वेफरवाले नेतात तो. लांबडा पाहिजे असंल प्लेटमधी दिसायला तर गुजरातेत डीसाकडं फ्राईजसाठी सँटाना लावत्यात, तो मिळाला तर बघा. काहीच न्हाई तर ज्योती, मधला मार्ग.

दुसरं म्हंजे कोल्ड स्टोरेज. दोन-चार डिग्रीत महिनोन्‌महिने ठेवलेला बटाटा गोड पडतो, आतल्या स्टार्चची साखर होती. भाजला की सालीखाली तपकिरी पट्टा येतो आन चव गुळमट. म्हणून मार्केटात "शुगर फ्री" म्हणून येगळा माल मिळतो, त्यो डायबेटीसवाल्यांसाठी न्हाई बरं का, लय लोकं फसत्यात. त्यो दहा-बारा डिग्रीत ठेवलेला असतो म्हणून गोड झालेला नसतो, वेफर काळे पडू नयेत यासाठी. किलोमागं चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. आन हॉटेलात आणल्यावर फ्रीजमधी टाकू नका, परत तेच होनार. अंधारात, हवेशीर, कांद्यापास्नं लांब. हिरवा पडलेला नग सरळ टाकून द्या, सालीसकट खायाला देताय तुम्ही.

पारख करायची असंल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पान्यात इरघळवा, बटाटा सोडा. बुडला तर पिठाळ, तरंगला तर पानचट. गोणी घ्यायच्या आधी चार-पाच नगांवर करून बघा, अडत्या हसंल, हसू द्या.

गंगापूररोडवाला:
भाऊ पुखराजच निघाला. भाजीवाल्याला फोन केला तर म्हणतो "साहेब एकदम ए वन पिवळा माल आहे". आता कळलं. आणि आत्ताच मिठाच्या पाण्यात टाकले, आठपैकी सात तरंगले 😅

करड्या रंगाचं कोणी सांगा ना पण. तो बटाट्यामुळे का फॉइलमुळे?

होमसायन्सवाली:
करडा रंग मी सांगते, हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना फूड केमिस्ट्री शिकवते त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो.

बटाट्यात थोडं लोह असतं आणि क्लोरोजेनिक ॲसिड नावाचं एक द्रव्य असतं. शिजताना दोघांची जोडी जमते, तेव्हा तिला रंग नसतो. मग बटाटा निवायला लागला, हवा लागली की ती ऑक्सिडाइज होऊन निळसर-करडी दिसायला लागते. देठाकडच्या टोकाला जास्त दिसते, बघा एकदा निरखून. खराब झालेला नसतो, विषारी नसतो, पण प्लेटमध्ये दिसायला वाईट. काही वाणांमध्ये जास्त येतो, जमिनीवरही अवलंबून असतं. तुमच्याकडे पाचला बेक करून नऊपर्यंत ठेवता, त्यात तो हळूहळू चढत जातो. लवकर वाढला तर दिसायच्या आत खाऊन संपतो. म्हणजे उपाय पुन्हा वर काकांनी दिलेलं वेळापत्रकच.

चिकटपणाचं अर्धं उत्तर अडतवाल्या दादांनी दिलं. उरलेलं अर्धं म्हणजे बटाटा बाहेर आल्या-आल्या उघडायला हवा. आतली वाफ जितक्या लवकर सुटेल तितका गर मोकळा. सुरीने सरळ कापू नका, पातं फिरतं तिथे गर दाबला जाऊन गुळगुळीत होतो. काट्याने वर फुलीसारखी टोचणी द्यायची आणि दोन्ही टोकांकडून आत दाबायचं, आपोआप उमलतो. बटर लगेच.

पण इथे एक पेच आहे, होल्ड करायचा असेल तर उघडून ठेवला की सुकतो आणि न उघडता ठेवला की ओलावतो. माझ्या मते मधला मार्ग असा की ओव्हनमधून काढल्यावर वर एक छोटा छेद द्यायचा, वाफेपुरता, आणि पूर्ण उमलवायचा पिकअपच्या वेळी, म्हणजे प्लेट बाहेर जाताना. काकांचं मत वेगळं असू शकतं.

भटारखाना_रिटायर्ड:
छेदाचं पटतं. आम्ही जाड मिठाच्या थरावर ठेवायचो, खडे मीठ ट्रेत बोटभर पसरून त्यावर बटाटे. मीठ खालचा ओलावा ओढून घेतं आणि गरमही धरून ठेवतं, तेच मीठ पुढे महिनाभर चालतं. तुम्हाला खडे मीठ स्वस्तात मिळेल, करून बघा.

वीसवर्षेधंद्यात, तुमच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. दर अर्ध्या तासाला ट्रे टाकायला वेगळा माणूस लागत नाही, दुपारी धुऊन, टोचून, वजनाने लावलेले सात ट्रे रॅकवर तयार असले की एक ओढायचा आणि एक सरकवायचा, अर्धं मिनिट. सिझलरची प्लेट तापवणारा पोऱ्याच ते करतो. पण तुमच्याकडे हायवेला गिऱ्हाईक कधीही येतं, ठरलेला रश नाही, तिथे हे बसणार नाही हे मान्य. तुमच्यासाठी दुसरा पदार्थ आहे. ट्वाइस बेक्ड करा.

वीसवर्षेधंद्यात:
म्हणजे?

भटारखाना_रिटायर्ड:
बटाटा पूर्ण बेक करायचा, अर्धा कापायचा, गर चमच्याने काढून घ्यायचा, साल होडीसारखी राहते. गरात बटर, चीज, मिरी, हिरवी मिरची, मीठ घालून गरम असतानाच हलक्या हाताने कालवायचं, मिक्सर अजिबात नाही, मिक्सरमध्ये डिंक होतो. परत सालीत भरायचं. ट्रेवर पसरून, उघडं, लवकर गार करायचं आणि फ्रीजमध्ये. ऑर्डर आली की गरम ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं, वर चीज सोनेरी झालं की द्या. फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या वर नको. यात होल्डिंगची भानगडच नाही आणि मेन्यूवर पैसे पण जास्त लावता येतात.

डॅलसची_माहेरवाशीण:
गार करण्यावरून सांगते, इथे नियम असा की ५७ वरून २१ वर दोन तासांत यायला हवं आणि २१ वरून ५ वर पुढच्या चार तासांत. अख्खा बटाटा आत खूप वेळ गरम राहतो म्हणून अर्धे करून पसरवणंच बरं. ढीग करून पातेल्यात ठेवले तर मधले रात्रभर कोमट.

अलिबागकर:
हे सगळं वाचून पोपटीची आठवण आली राव. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, पाण्याचा थेंब नाही, उलटं करून जाळ. त्यातला बटाटा खा आणि मग सांगा ओव्हनचं कौतुक. थंडीत या सगळे.

भटारखाना_रिटायर्ड:
पोपटीत बटाटा अर्धा वाफेवरच असतो अलिबागकर, वर धूर लागतो म्हणून क्षमा आहे.

गंगापूररोडवाला:
अपडेट. काल शनिवार होता. इंदूरचा चिप्सोना आणला, फॉइल बंद, मिठाच्या ट्रेवर, हॉट केसमधलं पाणी काढलं. साल एक नंबर, तेल शेवटी लावायची आयडिया तर कमाल आहे. करडा रंग एकाही प्लेटमध्ये नाही. कूक आधी तोंड वाकडं करत होता, नंतर स्वतःच एक मीठ लावून खाल्ला.

दोन गोष्टी अडल्या. एक, ८:१० ते ८:३० मध्ये एकदम तीन मोठी टेबलं आली आणि ट्रे संपला, नवीन यायला दहा मिनिटं होती. दुसरं, शेवटी नऊ नग उरले, ते हॉट केसमध्ये होते साडेदहापर्यंत. त्यांचं काय करायचं?

भटारखाना_रिटायर्ड:
पहिल्याचं उत्तर, ७:२० चा ट्रे शनिवारी दहाऐवजी सोळाचा टाका, डेक भरतो तेवढा, पाच-सात मिनिटं जास्त लागतील म्हणून ६:२० आणि ७:२० चे दोन्ही पाच मिनिटं आधी टाका. आणि वेटरला सांगून ठेवा की मोठ्या टेबलची ऑर्डर केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) फाटायच्या आधीच तोंडी किचनला कळवायची, सूप-स्टार्टरला वेळ जातोच.

उरलेले नऊ गरमच होते ना, ६५ च्या वर? मग लगेच अर्धे करा, गर काढून पसरवा, फ्रीज. रविवारी दुपारी स्टाफला आलू टिक्की. साली फेकू नका, त्या तळून वर चीज आणि लसूण चटणी घालून स्टार्टर म्हणून विका.

गंगापूररोडवाला:
साली विकायच्या? किती लावू?

वीसवर्षेधंद्यात:
मी उद्यापासून १४० लावतोय.